सर विश्वेश्वरय्या आणि मुसीचा पूर

दुर्गम चेरुवू तलावावरील केबलचा पूल २५ सप्टेंबर २०२० रोजी खुला झाला आणि हैदराबादकरांना संध्याकाळी सहकुटुंब जाण्यासाठी एक नवे ठिकाण मिळाले. तलावाच्या दोन काठांवर दोन मनोरे, त्या मनोऱ्यांपासून दोन्ही बाजूंना तिरप्या उतरत गेलेल्या पोलादी केबल आणि त्या केबलांनी तोलून धरलेला रस्ता. सुमारे २३४ मीटर अंतरात खाली एकही खांब नाही. प्रस्तुत लेखक व्यवसायाने मराठीचा अध्यापक. बल आणि भार यांच्याशी त्याचा संबंध शाळेबरोबरच सुटला. तरीही पुलावर उभे असताना त्याच्या मनात पहिला प्रश्न आला तो सौंदर्याचा नव्हे. भूकंप झाला तर या पुलाचे काय होईल, हा तो प्रश्न होता.

या प्रश्नाला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीची जमीन हादरली. त्या हादऱ्याने इकडे हैदराबादेतही मांडणीवरची भांडी वाजली होती. आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांपैकी अनेकांचे सोयरेधायरे लातूर-उस्मानाबादकडचे. त्या सकाळी तारेने, दूरध्वनीने, मिळेल त्या गाडीने खबर घेण्यासाठी जी धडपड चालली होती, ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. सुमारे दहा हजार माणसे दगडामातीच्या घरांखाली गेली. आणि भूकंपाच्या तत्कालीन नकाशात तो प्रदेश सर्वांत निर्धोक विभागात दाखविलेला होता.

स्थापत्यशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी माझ्या शंकेचे निरसन केले ते असे. भूकंपात इमारतीला कोणी बाहेरून ढकलत नसते. पायाखालची जमीन सरकते आणि वरचे वजन जागीच राहू पाहते. त्या ओढाताणीतून बल निर्माण होते. वजन जितके जास्त आणि बांधणी जितकी ताठर, तितका मार मोठा. केबलांवर टांगलेला लांब पूल मुळात लवचीक असतो. एकदा डोलून परत यायला त्याला काही सेकंद लागतात. जमिनीचे हिसके त्याहून पुष्कळ जलद असतात. त्यामुळे जमिनीच्या तालावर तो सहसा नाचत नाही. पण याचा एक तोटाही आहे. असा पूल मार कमी खातो, परंतु हलतो जास्त, आणि एकदा हलू लागला की लवकर थांबत नाही. म्हणून रस्त्याच्या टोकांशी त्याला सरकायला जागा ठेवावी लागते, मनोऱ्यांपाशी विशिष्ट प्रकारची बेअरिंगे बसवावी लागतात, आणि मोठ्या पुलांत स्कूटरच्या शॉक-अब्सॉर्बरसारखी, मात्र आकाराने प्रचंड अशी, गती गिळून टाकणारी नळकांडी जोडावी लागतात. मनोऱ्याच्या बुडाशी काँक्रीटच्या पोटात सळयांची कडी दाट बांधतात. काँक्रीट तडकले तरी ते फुटून बाहेर सांडू नये, हा हेतू. एखादी केबल तुटली तरी शेजारच्या केबलांनी भार पेलावा, असाही हिशेब आधीच केलेला असतो. ग्रीसमध्ये २००४ साली पुरा झालेल्या रिओन-अंतिरिओन पुलाचे खांब तर समुद्रतळाशी पसरलेल्या खडीच्या थरावर नुसते टेकविले आहेत; मोठ्या धक्क्यात ते थोडे घसरावेत अशीच योजना आहे. २००८ मध्ये जवळच मोठा भूकंप झाला, त्यातून तो पूल सुखरूप राहिला.

सारांश, दोन गोष्टी. शंभर-दोनशे वर्षांत एकदा येणाऱ्या संकटाचे माप आधी घ्यायचे. आणि मग त्या संकटापुढे छाती काढून उभे राहण्याऐवजी कोठे, किती आणि कसे नमायचे ते स्वतःच ठरवून ठेवायचे. हे ऐकत असता मला आठवण झाली ती खैरताबादच्या चौकातील एका पुतळ्याची. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी केबलचा पूल बांधला नाही आणि भूकंप हा त्यांचा विषयही नव्हता. परंतु या दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या शहरासाठी, पाण्याच्या बाबतीत, १९०९ साली करून दाखविल्या होत्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबरचा; वर्ष काही ठिकाणी १८६० तर काही ठिकाणी १८६१ असे दिलेले आढळते. जन्मगाव म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळचे मुद्देनहळ्ळी. पूर्वज मात्र आंध्रातील मोक्षगुंडम् या गावचे, आणि घरची भाषा तेलुगू. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. ते मुलाच्या लहानपणीच वारले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून त्यांनी आपला निर्वाह केला. बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ च्या स्थापत्य परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

पुढची सुमारे चोवीस वर्षे हा कानडी मुलखातला तेलुगू माणूस महाराष्ट्राचा होता. नाशिक, खानदेश, धुळे, पुणे, मधूनच सिंधमधील सक्कर, असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. नीरा कालव्यावर पाणी वाटण्याची जी गटपद्धती त्यांनी सुचविली तिने पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात त्यांचे नाव कायम केले. या साऱ्याचा तपशील त्यांच्या चरित्रांत मिळतो. येथे एकाच कामापाशी थांबावयाचे आहे.

पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या तलावातून शहराला आणि कालव्याला पाणी मिळे. पावसाळ्यात दर वर्षी तलाव भरून सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जाई, आणि उन्हाळ्यात तेच पाणी अपुरे पडे. साधा उपाय म्हणजे सांडव्याची भिंत उंच करणे. परंतु तसे केले तर ऐन पुरात पाण्याची पातळी आणखी चढणार आणि जुन्या दगडी धरणावर त्याचा भार येणार. धरणच फुटले तर खाली पुणे आहे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर भिंतीऐवजी लोखंडी दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतो हे दरवाजे बंद राहत आणि सांडव्याच्या वर सुमारे आठ फूट जादा पाणी अडवून धरीत. पातळी त्यापुढे गेली की पाण्याच्याच जोरावर, माणसाचा हात न लागता, ते उघडत. पूर ओसरला की आपोआप मिटत. १९०३ मध्ये ही योजना अमलात आली.

या रचनेतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. रात्री दोन वाजता पूर चढतो तेव्हा चौकीदार जागा असेल, हातात कंदील असेल, त्याला चाकापर्यंत पोहोचता येईल, असले एकही गृहीत तिच्यात नाही. संकट जितके मोठे तितका बांधकामाने त्याला अधिक वाव द्यावयाचा, आणि हा निर्णय संकटाच्या वेळी नव्हे तर आधी, शांतपणे घ्यावयाचा. विश्वेश्वरय्यांनी या दरवाजांचे पेटंट घेतले होते. परंतु नोकरीत असताना लावलेल्या शोधाचे मानधन सरकारकडून घेणे त्यांनी नाकारले, असे सांगतात.

मुंबई सरकारच्या सेवेत मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसाला मिळण्याचा संभव त्यांना दिसेना. १९०८ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली आणि ते युरोपच्या प्रवासाला निघून गेले. ते परदेशात होते, त्याच सुमारास हैदराबादेवर आकाश कोसळले.

२८ सप्टेंबर १९०८ हा दिवस आपल्या शहरातील जुन्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे. शमशाबादच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पावसाची नोंद झाली. एरवी गुडघाभर पाण्याने वाहणारी मुसी दोन्ही तीरांवरच्या वस्तीत शिरली. सुमारे पंधरा हजार माणसे बुडाली, एकोणीस हजार घरे पडली, ऐंशी हजार लोक बेघर झाले. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले. १५७८ साली कुतुबशाहीत बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. अफजलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशे माणसे वाचली; ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात लोकांनी श्रद्धेने जपले. उर्दूचे थोर रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. त्यांच्या कवितेतील दुःखाचे मूळ शोधताना आम्हा भाषेच्या अध्यापकांना त्या एका सकाळपाशी यावेच लागते.

निझाम सहावे मीर महबूब अली खान यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. १५ एप्रिल १९०९ रोजी त्यांनी कामास सुरुवात केली. दोन गोष्टी त्यांच्यावर सोपविल्या होत्या: पुन्हा असा पूर येऊ नये यासाठी योजना आखणे, आणि शहराच्या सांडपाण्याची व पुनर्रचनेची दिशा ठरविणे.

अशा वेळी सामान्यतः काय केले जाते, ते आपण अनेकदा पाहिले आहे. नदीकाठी एक भिंत बांधतात, वाहून गेलेले पूल पूर्वीच्याच उंचीवर पुन्हा उभारतात, आणि असा पाऊस काही रोज पडत नाही असे म्हणून विषय मिटवितात. विश्वेश्वरय्यांनी आधी माप घेतले. शहराच्या वरच्या बाजूला मुसी आणि तिची उपनदी ईसी यांचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैलांचे होते, आणि त्यात ७८८ तलाव होते. जवळजवळ दर चौरस मैलाला एक. ही काकतीय-कुतुबशाही काळापासूनची पुण्याई. परंतु त्या दिवशी तीच वैरी झाली. वरचा तलाव फुटे, त्याचे पाणी खालच्या तलावात एकदम येई, तो फुटे, आणि दोघांचे पाणी मिळून तिसऱ्याकडे जाई. असे २२१ तलाव फुटले. पुराच्या परमोच्च क्षणी नदीतून सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहत असावे, असा अंदाज त्यांनी बांधला.

यापुढे त्यांनी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. हैदराबादच्या पर्जन्यनोंदी थोड्या वर्षांच्या होत्या. तेवढ्यावर विसंबून, जो पूर येऊन गेला तोच सर्वांत मोठा असे त्यांनी मानले नाही. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील व अन्य ठिकाणच्या अतिवृष्टीचे आकडे त्यांनी मागवून घेतले आणि अशा प्रदेशात जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकतो, याचा विचार केला. येथे मला पुन्हा भूकंपाकडे वळावेसे वाटते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला धक्का बसला, तेव्हा धरण बांधताना गृहीत धरलेल्या आडव्या जोरापेक्षा कितीतरी पट मोठा जोर त्याच्यावर आला. धरणाला तडे गेले, ते टिकले, आणि नंतर त्याला मागून भक्कम आधार देण्यात आला. तोपर्यंत दख्खनचे पठार स्थिर आहे अशीच समजूत होती, कारण आपल्या आठवणीत ते हलले नव्हते. किल्लारीची गोष्टही तीच. माणसाच्या आठवणीचा पल्ला तीन पिढ्यांचा. निसर्गाचे हिशेब त्याहून लांबचे असतात. दुसऱ्याच्या गावचे आकडे मागविणे ही त्यावरची युक्ती विश्वेश्वरय्यांना साधली होती.

१ ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांनी आपला अहवाल सादर केला. साडेपाच महिन्यांत हे काम झाले होते. शहराच्या वर, मुसीवर साडेआठ मैलांवर आणि ईसीवर साडेसहा मैलांवर, दोन मोठे जलाशय बांधावेत. दोहोंची मिळून धारणाशक्ती सुमारे २० अब्ज घनफूट असावी, ही मुख्य शिफारस. येथेही विचार खडकवासल्याचाच आहे. पूर अडवून संपवावयाचा नाही. त्याचा कळस तेवढा कापावयाचा. पाणी काही तास धरून ठेवले आणि दरवाजांतून बेताबेताने सोडले, तर तेच पाणी शहरातून नदीच्या पात्रात मावून जाते. जे पाणी एका सकाळी घरांवर आले ते दोन दिवस नदीतून वाहिले असते, तर कोणी त्याची आठवणही ठेवली नसती. त्याबरोबरच शहरातील नदीचे काठ उंच करावेत, त्यावर रुंद रस्ते व बागा कराव्यात, भुयारी गटारे बांधावीत, असेही त्यांनी सुचविले. उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालय यांच्या भव्य इमारती ज्या काठांवर पुढे उभ्या राहिल्या, त्या काठांचे रूप बदलण्याची सुरुवात या कागदांतून झाली.

अहवाल देऊन ते गेले. नोव्हेंबर १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी सूत्रे घेतली. गंडिपेटचे धरण, म्हणजे उस्मानसागर, १९२० मध्ये पुरे झाले. हिमायतसागर १९२७ मध्ये. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही दोन्ही धरणे विश्वेश्वरय्यांनी बांधली, असे भाषणांतून सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. योजना त्यांची. ती वीस वर्षे नेटाने पुरी करणारे लोक हैदराबादचे होते: सातवे निझाम उस्मान अली खान यांचे सरकार, १९१२ चे शहर सुधारणा मंडळ, नवाब अली नवाज जंग यांच्यासारखे राज्याचे अभियंते, आणि ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत ते पाथरवट, वड्डर, बेलदार. अली नवाज जंगांनी पुढे निझामसागर उभारला. त्यांचा जन्मदिवस ११ जुलै हा तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळतात, तर उर्वरित देशात तो मान १५ सप्टेंबरला आहे. दोघांचेही ऋण मानण्याइतके आपले मन मोठे असावयास हरकत नाही.

म्हैसूरचा काळ सर्वश्रुत आहे. कृष्णराजसागर धरण, १९१२ ते १९१८ दिवाणपद, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना. कृष्णराजसागरावरही त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्यांच्या थोरवीला बाधा येईल म्हणून चरित्रकार सहसा टाळतात अशी एक गोष्ट म्हणजे त्यांच्या राजीनाम्याचे कारण. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा देण्याचा महाराजांचा विचार त्यांना मान्य नव्हता. गुणवत्तेचा आग्रह हे त्यांचे सामर्थ्य होते. परंतु पाणी जसे उंचसखल पाहून वाटावे लागते तसे संधीचेही असते, हे नीरा कालव्यावर पाण्याच्या पाळ्या आखणाऱ्या या माणसाला येथे दिसले नाही, असे मला वाटते.

१९२२ मध्ये ते पुन्हा हैदराबादेस आले, गटारांच्या कामाचा सल्ला देण्यासाठी. तेव्हा उस्मानसागर भरलेला होता आणि हिमायतसागराचे बांधकाम चालू होते. स्वतःच्या कागदावरील रेषा पाण्याने भरलेली पाहण्याचे भाग्य थोड्या योजकांना लाभते.

त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक पुलाचेच आहे. बिहारमध्ये गंगेवर रेल्वे आणि रस्त्याचा पूल कोठे बांधावा, हा वाद पेटला होता. प्रत्येक जिल्ह्याला तो आपल्याकडे हवा होता. १९५२ मध्ये या कामासाठी नेमलेल्या समितीचे नेतृत्व विश्वेश्वरय्यांकडे आले. वय नव्वदीपुढे. उन्हाळ्यात ते रेल्वेच्या डब्यात मुक्काम करून गंगेकाठची ठिकाणे पाहत हिंडले, आणि त्यांनी मोकामा हे ठिकाण निश्चित केले. त्या ठिकाणचा पूल १९५९ मध्ये खुला झाला. आज तो राजेंद्र सेतू म्हणून ओळखला जातो. मधल्या काळात, १९५५ साली, त्यांना भारतरत्न मिळाले होते. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती.

दुर्गम चेरुवूचा पूल खुला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोच, १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री, हैदराबादेत प्रचंड पाऊस झाला. कित्येक वस्त्यांत पाणी छातीपर्यंत चढले आणि माणसे दगावली. यातील बऱ्याच वस्त्या विश्वेश्वरय्यांनी मोजलेल्या नदीकाठच्या नव्हत्या. बुजविलेल्या तलावांच्या आणि अडविलेल्या नाल्यांच्या जागी त्या उभ्या होत्या. उस्मानसागर-हिमायतसागरांच्या भोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामाला मर्यादा घालणारा १९९६ चा १११ क्रमांकाचा शासकीय आदेश २०२२ मध्ये मागे घेण्यात आला. त्या रात्री हिमायतसागराची पातळी काठोकाठ आली, तेव्हा दरवाजे उघडण्यात आले आणि पाणी ईसीतून मुसीकडे निघाले. खालच्या वस्त्यांतून आधी भोंगे लावून लोकांना उठविण्यात आले होते.